आनेकल ते येलहंका: धुरावर ताबा ठेवण्याची विद्या

आनेकल हा बेंगळुरू शहर जिल्ह्याचा दक्षिण टोकाचा तालुका. गावापासून मॅजेस्टिकचं बसस्थानक पस्तीसेक किलोमीटर आणि तमिळनाडूची हद्द त्याहून पुष्कळ जवळ, अत्तिबेलेला. मराठी प्रवासी इकडे वळतो तो बन्नेरघट्ट्याचं राष्ट्रीय उद्यान बघायला. हौशी असेल तर मुत्याल मडुवूचा धबधबाही करून येतो. मी गेले ते माझ्या भाच्याकडे, आणि काम जरा वेगळं होतं. वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणारी यंत्रणा चालवतात कशी, ताब्यात ठेवतात कशी, हे मला त्याच्याकडून समजून घ्यायचं होतं. वायू पकडणाऱ्या रसायनांबद्दल पुष्कळ छापून येतं. यंत्रणा चालवण्याबद्दल जवळजवळ काहीच येत नाही, आणि या विद्येचं यश-अपयश तिथेच ठरतं असं माझं मत बनत चाललं होतं.

भाचा इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनीअर, मूळचा गुहागरचा. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कंट्रोल सिस्टिमचं काम करतो आणि आनेकल गावात राहतो. गावात अजून रेशमी साड्यांचे माग चालतात. काही गल्ल्यांतून त्यांचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो. गावाबाहेर रागीची शेतं, तुतीचे मळे, मधूनच गुलाबाचा मळा. थोडं पुढे गेलं की चित्र पालटतं. जिगणीला ग्रॅनाइटच्या लाद्या कापून घासणारे कारखाने, बोम्मसंद्र्याला औषधांचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे. बायोकॉनचा पसारा इथलाच. तालुक्यात मोठं औष्णिक वीजकेंद्र मात्र एकही नाही. वीजकेंद्रं चालवणारी बुद्धी या पट्ट्यात तयार होते आणि केंद्रं शेकडो किलोमीटर लांब असतात: रायचूरला, बळ्ळारीला, सिंगरौलीला.

संध्याकाळी भाच्याने लॅपटॉप उघडला. एम. टेक. करताना त्याने अशा यंत्रणेचं एक गणिती प्रारूप बनवलं होतं, तेच दाखवलं. मांडणी सांगायला सोपी आहे. धूर थंड करून चाळीसेक अंशांवर आणायचा आणि एका उंच मनोऱ्यात खालून सोडायचा. वरून अमाइनचं द्रावण झिरपत येतं. सर्वांत जुनं आणि सर्वांत जास्त अभ्यासलेलं अमाइन म्हणजे मोनोइथॅनॉलअमाइन. ते पाण्यात साधारण तीस टक्के मिसळतात. अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं, उरलेला धूर मनोऱ्याच्या माथ्यावरून बाहेर पडतो. हा मनोरा म्हणजे ॲब्सॉर्बर. वायूने भरलेलं द्रावण मग दुसऱ्या मनोऱ्यात, स्ट्रिपरमध्ये, जातं. त्याच्या तळाशी रिबॉयलर असतो. तिथे वाफेच्या उष्णतेने द्रावण एकशेवीस अंशांच्या आसपास तापलं की अमाइन वायू सोडून देतं. मोकळा झालेला वायू दाबून पुढे पाठवायचा आणि रिकामं द्रावण थंड करून पुन्हा पहिल्या मनोऱ्याच्या माथ्यावर चढवायचं. भरलेल्या द्रावणाला इंजिनीअर ‘रिच’ म्हणतात, रिकाम्याला ‘लीन’.

यातली महाग गोष्ट म्हणजे वाफ. ती वीजकेंद्रातूनच घ्यावी लागते, टर्बाइनच्या मधल्या टप्प्यानंतर आणि शेवटच्या टप्प्याआधी. जुन्या अमाइनला एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. नवी द्रावणं ती अडीच-तीनपर्यंत खाली आणतात. जी वाफ रिबॉयलरला गेली तिच्यापासून वीज होत नाही. म्हणून कोळशाच्या केंद्रावर पूर्ण क्षमतेची अशी यंत्रणा बसवली की ग्रिडला जाणारी वीज पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटते. वाफेचा व्हॉल्व्ह नेमका किती उघडा ठेवायचा, हा म्हणजे थेट पैशांचा प्रश्न आहे.

“मावशी, रसायन शोधणारे वेगळे,” भाचा म्हणाला. “आमच्या हातात तीनच गोष्टी आहेत. धूर ओढणारा पंखा, लीन द्रावणाचा व्हॉल्व्ह आणि वाफेचा व्हॉल्व्ह. आणि त्या तिन्ही एकमेकींच्या कामात लुडबुड करतात.”

त्याने प्रारूपातल्या वीजकेंद्राचं उत्पादन दहा मिनिटांत एक पंचमांशाने उतरवलं आणि पडद्यावरच्या रेषा बघायला सांगितल्या. धूर लगेच कमी झाला. नेहमीच्या साध्या नियंत्रकाने धुराच्या प्रमाणात द्रावणाचा व्हॉल्व्ह मिटला. तोवर सगळं ठीक. पण स्ट्रिपरमध्ये आता कमी द्रावण येत होतं आणि वाफ पूर्वीइतकीच. रिबॉयलरचं तापमान चढू लागलं. ते बघून दुसऱ्या नियंत्रकाने वाफ आवळली, आणि जरा जास्तच आवळली, कारण तापमान उतरायला वेळ लागतो. आता स्ट्रिपरमधून निघणारं द्रावण पुरेसं रिकामं नव्हतं. ते टाक्या, पंप, हीट एक्स्चेंजर पार करून ॲब्सॉर्बरच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला, आणि पोहोचलं तेव्हा वायू पकडण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांवरून घसरू लागलं. पहिल्या नियंत्रकाने घाईने द्रावण वाढवलं. पडद्यावरच्या रेषा लाटांसारख्या वरखाली होत राहिल्या आणि वीजकेंद्र स्थिर होऊन कितीतरी वेळ झाला तरी शमल्या नाहीत.

धूर मनोऱ्यातून काही सेकंदांत निघून जातो. वीजकेंद्राचं उत्पादन मिनिटांत बदलतं. द्रावणाच्या एका फेरीला मात्र अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. या तीन वेगांचा मेळ घालणं हीच खरी अडचण आहे.

आनेकलच्या माणसाला हे हुस्कूरच्या जत्रेवरून चटकन समजेल. याच तालुक्यातलं हुस्कूर मद्दूरम्मा देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या गावांतून शंभर फुटांहून उंच लाकडी रथ शेतांतून, कच्च्या वाटांनी ओढत आणतात. रथाच्या माथ्यापासून चहूबाजूंना दोर बांधलेले असतात आणि माणसांच्या रांगा ते ताणून धरतात. रथ एकीकडे कलला की समोरच्या रांगेने ओढायचं. पण डोळ्यांना कल दिसेपर्यंत, आरोळी पोहोचेपर्यंत आणि शेकडो हातांचा जोर दोरावर येईपर्यंत रथ आणखी कललेला असतो. उशिरा आलेला जोर त्याला दुसऱ्या बाजूला नेतो. २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठच्या दोन वर्षी तिथे रथ कोसळले, आणि २०२५ मध्ये जीवितहानी झाली. उशीर आणि अतिरेक एकत्र आले की काय होतं, हे त्या गावांनी फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. अमाइनच्या मनोऱ्यात कोसळण्यासारखं काही नसतं, पण उशिरा केलेल्या दुरुस्तीचं गणित तेच.

मर्यादाही असतात. रिबॉयलर एकशेवीस-पंचवीस अंशांच्या वर नेला तर अमाइनच तुटायला लागतं. धूर फार जोरात ओढला तर वरून येणारं द्रावण मनोऱ्यात अडकून तुंबतं. द्रावणात राख किंवा तुटलेल्या अमाइनचा कचरा साचला की फेस धरतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे मनोऱ्याच्या वरखालच्या दाबातला फरक अचानक वाढणं. धुराबरोबर वाफ उडून जाते, म्हणून पाण्याचाही हिशोब ठेवावा लागतो. माथ्यावर पाण्याची फवारणी करून उडणारं अमाइन अडवावं लागतं, नाहीतर ते आसपासच्या वस्तीच्या हवेत जातं. या सगळ्यावर एक नियम: पकडयंत्रणा बंद पडली तरी वीजकेंद्र बंद पडता कामा नये. ती ट्रिप झाली की त्याच क्षणी धुराचा झडप-दरवाजा धुराड्याकडे उघडला पाहिजे, आणि रिबॉयलरला जाणारी वाफ पुन्हा टर्बाइनने सामावून घेतली पाहिजे. इंटरलॉकची ही साखळी कागदावर आखायलाच महिने लागतात, असं भाचा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी येलहंक्याचं वीजकेंद्र बघायला आम्ही बोम्मसंद्र्याहून मेट्रो धरली. यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. बोम्मसंद्रा हे तिचं दक्षिण टोक. एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानकं. पूर्वी होसूर रोडवर ज्यांनी तासन्‌तास काढले त्यांनाच या गाडीची खरी किंमत कळेल. खिडकीतून इलेक्ट्रॉनिक सिटी दिसते. १९७८ मध्ये आर. के. बालिगा यांच्या पुढाकाराने कर्नाटक सरकारच्या केओनिक्सने ३३२ एकरांवर ही वसाहत उभी केली. लोकांना ती सॉफ्टवेअरमुळे माहीत आहे, पण योकोगावा या जपानी कंट्रोल कंपनीचं भारतातलं मुख्यालयही इथेच आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूला, म्हैसूर रस्त्यावर, भेलचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आहे. देशातल्या कितीतरी औष्णिक केंद्रांच्या कंट्रोल रूममधली मॅक्सडीएनए प्रणाली तिथली. कोराडी किंवा चंद्रपूरच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाच्या पडद्यामागे कुठेतरी बेंगळुरू असण्याची शक्यता बरीच मोठी असते.

गाडीत भाच्याने साध्या नियंत्रकावरचा उपाय सांगितला. त्याला मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणतात. साधा नियंत्रक चूक झाल्यावर हलतो. हा नियंत्रक यंत्रणेचं प्रारूप जवळ बाळगतो, आत्ता अमुक व्हॉल्व्ह अमुक इतका हलवला तर पुढच्या तासाभरात काय काय होईल याचं गणित मांडतो, त्यातली सर्वांत स्वस्त आणि मर्यादांत बसणारी चाल निवडतो, तिचं पहिलंच पाऊल टाकतो आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी सगळं गणित पुन्हा नव्याने मांडतो. ही पद्धत १९७० च्या दशकात तेलशुद्धीकरणातून आली. शेल कंपनीतल्या चार्ल्स कटलर यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. नॉर्वेतल्या मोंगस्टाडला २०१२ पासून धूर पकडण्याचं मोठं चाचणी केंद्र आहे, तिथे या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत. विशेष म्हणजे मोंगस्टाडला नैसर्गिक वायूवरच्या केंद्राचा धूरही मिळतो. आम्ही जिथे निघालो होतो तेही वायूवरचंच केंद्र.

भारताला या पद्धतीची गरज इतर देशांपेक्षा जास्त आहे, हे त्या प्रवासात माझ्या नीट ध्यानात आलं. कर्नाटकात पावागडचं सौर उद्यान २,०५० मेगावॅटचं आहे. दुपारी सूर्याची वीज भरभरून येते, तेव्हा औष्णिक केंद्रांना मान खाली घालावी लागते; सूर्य मावळला की त्याच केंद्रांना झपाट्याने वर यावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली उतरता आलं पाहिजे, पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. वर-खाली होण्याचा वेगही ठरवून दिला आहे: ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात मिनिटाला तीन टक्के. एकाच उत्पादनावर दिवसरात्र चालणारं केंद्र गृहीत धरून आखलेली पकडयंत्रणा अशा केंद्रावर कायम धापा टाकत राहील.

पण आपल्याकडे एक सोयही आहे. ग्रिडचं वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत बनतं, दिवसाचे शहाण्णव तुकडे. येत्या काही तासांत किती वीज द्यायची आहे हे केंद्राला आधी कळलेलं असतं. हे वेळापत्रक थेट नियंत्रकाच्या गणितात घातलं तर उत्पादन उतरण्याच्या अर्धा तास आधीच तो वाफ हळूहळू आवळायला लागेल. द्रावणाच्या फेरीला लागणारा उशीर मग अडचण उरत नाही. भाच्याच्या प्रारूपात आदल्या रात्री हेही करून पाहिलं होतं. लाटा पुरत्या गेल्या नाहीत, पण लवकर शमल्या.

आर. व्ही. रोडला गाडी बदलून ग्रीन लाइनने लालबाग. इथे मुद्दाम उतरावं. बागेतला उघडा खडक तीन अब्ज वर्षांच्या आसपासचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटलं आहे. लोक त्यावर बसून शेंगदाणे खातात. आमच्या विषयाशी या खडकाचा सरळ संबंध आहे. पकडलेला कार्बन डायऑक्साइड ठेवायचा कुठे? जुन्या तेलविहिरींत, खाऱ्या पाण्याच्या खोल सच्छिद्र थरांत, किंवा बेसॉल्टमध्ये. बेंगळुरू उभं आहे ते नाइस आणि ग्रॅनाइटवर, एकसंध आणि घट्ट. या जमिनीत काही मुरवता येणार नाही. याउलट महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडला, आणि त्यातला ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपला बेसॉल्ट त्यापेक्षा पुष्कळ जुना आहे, त्याची छिद्रं कित्येक ठिकाणी आधीच भरलेली आहेत. त्यामुळे आइसलंडचं यश जसंच्या तसं इथे उतरेल असं धरून चालता येणार नाही. तरीही शोध घ्यायचा तो सह्याद्रीच्या बाजूला.

मॅजेस्टिकहून बसने येलहंका. हा बेंगळुरूचा उत्तर भाग, रेल्वेच्या चाकांच्या कारखान्याचा. इथलं कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचं ३७० मेगावॅटचं वायूवरचं केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये रीतसर सुरू झालं. त्याच आवारात पूर्वी डिझेलवरचं केंद्र होतं. आम्ही ते रस्त्यावरूनच पाहिलं. कोळशाच्या केंद्राची सवय असलेल्या डोळ्यांना ते लहान वाटतं: कोळशाचे ढीग नाहीत, राखेचं तळं नाही, धुराड्यातून दिसण्यासारखं काहीच निघत नाही. एक गॅस टर्बाइन, तिच्या तापलेल्या धुरावर वाफ करणारा बॉयलर आणि त्या वाफेवर चालणारी दुसरी टर्बाइन.

“आणि मावशी, गॅस आपल्याकडचा,” भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात गावाचा अभिमान होता, आणि तो रास्त होता. गेलची दाभोळ-बेंगळुरू वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या किनाऱ्यावर, जिथे एन्रॉनचा वाद पेटला होता त्याच प्रकल्पाच्या धक्क्यावर, जहाजांतून द्रवरूप वायू उतरतो. तिथून निघालेली ही वाहिनी सह्याद्री ओलांडून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, चित्रदुर्ग, तुमकूर करत हजारेक किलोमीटरवर बेंगळुरूला येते. दाभोळच्या नावाने महाराष्ट्रात एवढं राजकारण झालं, पण त्या बंदरातून आज शेजारच्या राज्याच्या राजधानीची चूल पेटते हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

या केंद्रावर पकडयंत्रणा नाही. बसवायची ठरली तर काय लागेल, याचा ढोबळ हिशोब आम्ही चहाच्या टपरीवर मांडला. वायूवरचं असं केंद्र एका युनिटमागे साधारण ३६०-३७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं. पूर्ण क्षमतेने तासाला सुमारे १३५ टन. त्यातले नव्वद टक्के म्हणजे १२० टन पकडायचे तर जुन्या अमाइनने ४८० गिगाज्यूल उष्णता, म्हणजे १३० मेगावॅटहून जास्त उष्णतेची वाफ. त्यामुळे बुडणारी वीज तीसेक मेगावॅट. पंखे आणि वायू दाबणारे कॉम्प्रेसर आणखी पंधरा-वीस खातील. ३७० मधले पंचेचाळीस-पन्नास गेले. द्रावण तासाला अडीच हजार टन फिरवावं लागेल.

वायूच्या धुरात अडचणी वेगळ्या आहेत. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो, इथे जेमतेम चार. म्हणजे तितकाच वायू पकडायला कितीतरी जास्त धूर हाताळायचा. शिवाय त्या धुरात प्राणवायू भरपूर असतो, आणि तो अमाइनला हळूहळू खराब करतो. त्यात बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. इथला हवेचा दाबच किनाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी, म्हणून विरळ वायू आणखी विरळ होतो. दाभोळला तपासून घेतलेलं प्रारूप इथे तसंच वापरलं तर नियंत्रकाचा अंदाज पहिल्या दिवसापासून चुकेल. राख मात्र नाही, आणि ही सवलत मोठी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या बेलिंगहॅमला १९९१ ते २००५ अशी चौदा वर्षं वायूवरच्या केंद्राच्या धुरातून रोज तीनशेहून जास्त टन कार्बन डायऑक्साइड काढला जात होता. म्हणजे हे जमणारं काम आहे.

खरी परीक्षा सुरू-बंद होण्याची. वायू महाग, म्हणून अशी केंद्रं ग्रिडला गरज असेल तेव्हाच चालवली जातात. गॅस टर्बाइन लवकर पेटते. गार पडलेला स्ट्रिपर तापायला त्याहून कितीतरी वेळ घेतो. मधल्या काळातला सगळा धूर धुराड्यातून जाणार, आणि केंद्र संध्याकाळी चारच तास चाललं तर तो हिस्सा नगण्य राहत नाही. यावर उपाय आहे: जास्तीचं द्रावण टाक्यांत साठवून ठेवणं. केंद्र सुरू होताच साठवलेलं लीन द्रावण वापरायचं, भरलेलं दुसऱ्या टाकीत ठेवायचं आणि स्ट्रिपर तापला की सवडीने ते मोकळं करायचं. हीच युक्ती संध्याकाळच्या चढत्या मागणीलाही चालते: दोन तास रिबॉयलरची वाफ टर्बाइनला द्यायची आणि वायू पकडणं मात्र चालूच ठेवायचं. आमच्या हिशोबाने येलहंक्याला दोन तासांसाठी पाच-पाच हजार घनमीटरच्या दोन टाक्या लागतील. इंग्लंडमध्ये टीसाइडला ७४२ मेगावॅटचं वायूवरचं केंद्र सुरुवातीपासून पकडयंत्रणेसह उभं राहत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची आर्थिक जुळवणी पूर्ण झाली. वारा पडला की चालायचं, अशाच भूमिकेसाठी ते आखलेलं आहे. त्याचा अनुभव आपल्या फार कामाचा ठरेल.

येलहंक्याहून जक्कूर हाकेच्या अंतरावर. तिथे १९८९ मध्ये स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कार्बन पकडणं आणि वापरणं या विषयावर दोन राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रं जाहीर केली, एक पवईच्या आयआयटी मुंबईत आणि दुसरं इथे. इथल्याच सेबास्टियन पीटर यांच्या गटातून निघालेली ब्रीद ही कंपनी कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करण्याच्या तंत्रासह २०१८ मध्ये कार्बन एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या दहांत पोहोचली होती. जिथे जमिनीत पुरायला जागा नाही, तिथल्या शास्त्रज्ञांचं लक्ष वापराकडे वळावं हे स्वाभाविक आहे.

भारतात वीजकेंद्रावर हे प्रत्यक्ष घडलेलं ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यातलं एनटीपीसीचं विंध्याचल. ४,७६० मेगावॅटचं हे केंद्र देशातलं सर्वांत मोठं. त्याच्या १३ क्रमांकाच्या ५०० मेगावॅट संचावर रोज २० टन पकडणारी यंत्रणा बसवली आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी तिने वायू पकडायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे पकडलेला वायू आणि पाण्यापासून काढलेला हायड्रोजन यांचं मिथेनॉल तयार झालं. ही अस्सल कामगिरी आहे. पण तिचं आकारमानही नीट पाहिलं पाहिजे: ५०० मेगावॅटचा कोळशाचा संच पूर्ण क्षमतेने वीस टन कार्बन डायऑक्साइड तीन मिनिटांच्या आत सोडतो. म्हणजे ही यंत्रणा धुराच्या एका लहान फाट्यावर बसलेली आहे. संच वर-खाली झाला तरी तिला तो फाटा सारखाच मिळत राहतो, म्हणून नियंत्रणाची खरी कसोटी तिथे लागत नाही. ती लागेल सगळा धूर हाताळताना.

ती ज्यांची लागली त्यांचे अनुभव उघड आहेत. कॅनडात सस्कॅचेवानच्या बाउंडरी डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचावर ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण आकाराची यंत्रणा सुरू झाली, वर्षाला दहा लाख टनांच्या उद्दिष्टाने. २०१५ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी वायू पकडला गेला. राख द्रावणात शिरली, अमाइन खराब झालं, फेस आला, हीट एक्स्चेंजर तुंबले. पुढे तिथे जोडीचे हीट एक्स्चेंजर आणि त्यांना एकेक करून वेगळं काढता येईल असे व्हॉल्व्ह बसवले, म्हणजे एक धुताना दुसऱ्यावर काम चालेल. टेक्सासच्या पेट्रा नोव्हाने जानेवारी २०१७ मध्ये सुरू करताना वेगळी वाट धरली: मुख्य संचाची वाफ न घेता शेजारी वायूवरचं छोटं केंद्र बांधून वाफ आणि वीज तिथून घेतली. नियंत्रण सोपं झालं, पण त्या छोट्या केंद्राचा स्वतःचा धूर कोणी पकडत नव्हतं. मला ही तडजोड पटत नाही. एका धुराचा हिशोब स्वच्छ करायला दुसरा धूर हिशोबाबाहेर ठेवणं म्हणजे प्रश्न सोडवणं नव्हे. तेलाचे भाव पडल्यावर २०२० मध्ये ही यंत्रणा बंद झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा चालू झाली.

परतीच्या वाटेवर मी भाच्याला विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं, हे आपल्याकडे होईल का? तो म्हणाला, “होईल. फक्त आम्हाला शेवटी बोलवू नका. मनोरे उभे राहिल्यावर कंट्रोलवाल्यांना बोलावतात आणि म्हणतात, आता चालवून दाखवा.” टाकी किती मोठी, व्हॉल्व्ह किती वेगाने हलणारा, वायूचं प्रमाण मोजणारं उपकरण कुठे बसणार, हे आराखड्यातच ठरायला हवं. ते नंतर कोणत्याही गणिताने भरून काढता येत नाही.

आपल्या राज्यातही कधीतरी कोराडीला, चंद्रपूरला किंवा दाभोळला अशी यंत्रणा बसेल. नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर धोरणाचा आराखडा दिलाच आहे. त्या दिवशी ‘नव्वद टक्के कार्बन पकडणार’ अशी जाहिरात येईल. ती वाचून समाधान मानू नका. नव्वद टक्के हा आकडा केंद्र स्थिर चाललेल्या तासांचा असतो. केंद्र सुरू होताना, उतरताना, यंत्रणा ट्रिप झालेली असताना किती सुटला, हे त्यात येत नाही. २०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोठ्या प्रदूषक उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रं बसवायला लावली आहेत, आणि अनेक कारखान्यांच्या दारावर धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड यांचे आकडे झळकतात. त्याच फलकावर, दर तासाला, किती टन कार्बन डायऑक्साइड पकडला आणि किती सुटला, हे दोन आकडे मागा.